बोकडाचं कातडं घरी केसांसकट कमावता येतं का? पहिलीच वेळ आहे, सोलापुरात राहतो.

येतं की. पण एप्रिल-मे सोडा. आपल्या उन्हात कातडं दोन-तीन तासांत वास मारायला लागतं, आणि एकदा केस सुटायला लागले की काही उपाय नाही. थंडीत करा.

खाटकाकडून ताजं आणलं की लगेच मांसाच्या बाजूला बारीक मीठ चोळा. दीड किलोच्या कातड्याला किलोभर तरी मीठ लागतंच, इथे काटकसर नको. दोन दिवसांनी धुऊन बोथट सुरीने आतला पापुद्रा आणि चरबी खरवडून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण चरबी राहिली तिथे तुरटी मुरत नाही.

मग प्लॅस्टिकच्या टबात १० लिटर पाणी, १ किलो तुरटी, अर्धा किलो मीठ. तुरटी आधी गरम पाण्यात विरघळवा, गार झाल्यावरच कातडं बुडवा. रोज दोनदा हलवा. पाच-सहा दिवसांनी मानेकडच्या जाड भागाचा कोपरा कापून बघा: आतपर्यंत पांढरा दिसला तर झालं.

सावलीत वाळवा. आणि अर्धवट ओलं असतानाच खुर्चीच्या पाठीवर ओढून-ओढून घासा. मी पहिल्यांदा हेच विसरलो, कातड्याचा पत्रा झाला. शेवटी थोडं एरंडेल चोळा.

तुरटीचं कातडं भिजलं की पुन्हा कडक होतं. पाणी लागणारी वस्तू करायची असेल तर बाभळीची साल किंवा हिरडा वापरा, त्याला आठवडे लागतात.

रानसशाचं मात्र नको, १९७२च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.