सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ का लागला?

शहरावरचा इंग्रजांचा ताबा सुटला म्हणून. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेने गिरणीकामगारांचं शहर पेटलं होतं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराकडे दारूविरोधात शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि चिडलेल्या जमावाने चौक्या जाळल्या, कोर्टालाही आग लावली. अधिकाऱ्यांनी गाव सोडलं. पुढचे काही दिवस बंदोबस्त लोकांनीच सांभाळला. १२ मेला लष्करी कायदा आला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं प्रत्येकाला पाठ हवीत. मात्र ‘सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं’ असं म्हणतात, ते शब्दशः घेऊ नका. वेगळं सरकार कुणी जाहीर केलं नव्हतं.