ट्यूब अ‍ॅम्प आणि पेडलबोर्ड सोडून डिजिटल मॉडेलर घ्यावा का?

तुमच्याकडे बावीस वॅटचा, काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प आणि गिटारचा आवाज बदलणाऱ्या सात-आठ पेडलचा बोर्ड आहे, इमारतीत रात्री तो वाजवता येत नाही, कार्यक्रमांना हे सगळे सामान नेणे जड जाते. म्हणून मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्प आणि पेडलांच्या आवाजाची नक्कल करणारे डिजिटल यंत्र, घेतला तर तोच आवाज मिळेल का आणि जुने सामान विकून टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात गिटार वाजवतो, लग्नाच्या स्वागतसमारंभापासून गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत सर्व तऱ्हेच्या कार्यक्रमांत साथ करतो आणि काही वर्षांपासून मंचावर मॉडेलरच वापरतो. माझे मत असे की मॉडेलर जरूर घ्यावा; मात्र कोणता घ्यायचा हे ठरवण्याआधी त्याचा आवाज कशातून ऐकणार हे ठरवावे. मॉडेलर घेऊन हिरमुसलेले जे वादक मला भेटतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण यंत्रात नसते, ऐकण्याच्या व्यवस्थेत असते.

याचे कारण थोडे खोलात जाऊन सांगतो. अ‍ॅम्पसमोर उभे राहून तुम्ही जे ऐकता, त्यात बारा इंची स्पीकर, लाकडी कॅबिनेट, मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज आणि ती खोली हे सगळे मिसळलेले असते. शिवाय अ‍ॅम्प जमिनीवर असल्यामुळे स्पीकरच्या अगदी समोर जाणारा धारदार भाग तुमच्या गुडघ्यांवर आदळतो आणि कानांपर्यंत बराच मवाळ होऊन येतो. मोठ्या मंचासमोरच्या श्रोत्याला यातले काहीच ऐकू येत नसते. तो ऐकतो तो स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवून ठेवलेल्या माइकने पकडलेला आवाज, आणि रेकॉर्डिंगमध्येही तोच असतो. मॉडेलर नेमक्या याच, माइकमधून आलेल्या आवाजाची नक्कल करतो. त्यामुळे तो हेडफोनवर लावून ‘माझ्या अ‍ॅम्पसारखे वाटत नाही’ म्हणणारा वादक खरे तेच सांगत असतो, फक्त तो दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत असतो. तुलना करायचीच तर तुमच्या अ‍ॅम्पसमोर माइक लावून एखादा तुकडा रेकॉर्ड करा, तोच तुकडा मॉडेलरमधून रेकॉर्ड करा, आणि दोन्ही एकाच स्पीकरवर, सारख्या पातळीवर ऐका.

कॅबिनेट आणि माइकचा हा भाग आज बहुतेक मॉडेलरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्सने, म्हणजे बोलीभाषेत ‘आयआर’ने, साधला जातो. खऱ्या कॅबिनेटमधून एक चाचणीचा ध्वनी सोडून, माइकने तो पकडून, त्यावरून त्या कॅबिनेटचा आणि माइकच्या जागेचा ठसा गणिताने काढलेला असतो. सेलेस्टियनसारखी स्पीकर बनवणारी कंपनीदेखील स्वतःच्या स्पीकरचे आयआर विकते. माझ्या अनुभवात नवा वादक अ‍ॅम्पची मॉडेले बदलत तासन् तास घालवतो आणि आयआरला हात लावत नाही, जेव्हा की माइक स्पीकरच्या मध्यापासून इंचभर कडेला सरकवल्याने पडणारा फरक कित्येकदा अ‍ॅम्प बदलल्याच्या फरकाहून मोठा असतो. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये जो स्पीकर आहे त्याच जातीचा आयआर आधी शोधा. अर्धे काम तिथेच होते.

‘यंत्रांमध्ये तो जिवंतपणा नाही’ हे मत पुष्कळदा जुन्या पिढीच्या यंत्रांवरून बनलेले असते. लाइन ६चा पॉड १९९८ मध्ये आला, तेव्हा त्यात अ‍ॅम्पचा सर्वसाधारण रंग मिळे, पण उजव्या हाताचा जोर कमी-जास्त केला तरी आवाज फारसा हलत नसे. २००६ मधला फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ मधला केंपरचा प्रोफाइलर, २०१५ मधला हेलिक्स आणि त्यानंतरचा क्वाड कॉर्टेक्स या टप्प्यांनी हीच उणीव भरून काढली. आज गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की विकृती (डिस्टॉर्शन) विरते आणि तारेचा स्पर्श मोकळा ऐकू येतो, आणि माझ्यासाठी हीच खरी कसोटी आहे. यंत्रांच्या दोन घराण्यांतला फरक मात्र लक्षात असू द्या. मॉडेल पद्धतीत अ‍ॅम्पच्या सर्किटचे गणित मांडलेले असते, त्यामुळे त्याची बटणे मूळ अ‍ॅम्पसारखी वागतात; प्रोफाइल किंवा कॅप्चर हे एखाद्या अ‍ॅम्पच्या विशिष्ट मांडणीत काढलेल्या छायाचित्रासारखे असते, त्या एका मांडणीत अत्यंत अचूक, पण गेन (आवाज किती विकृत व्हावा ते ठरवणारे बटण) बराच हलवला की मूळ अ‍ॅम्पपासून दूर जाणारे.

तार छेडल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतच्या विलंबाची भीतीही बरेच जण घालतात. ध्वनी हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे तीन मीटरवर ठेवलेल्या अ‍ॅम्पचा आवाज तुमच्यापर्यंत नऊ मिलिसेकंद उशिरानेच येतो. चांगल्या मॉडेलरचा स्वतःचा विलंब यापेक्षा कमी असतो. साखळीत डिजिटल वायरलेस, डिजिटल मिक्सर आणि वायरलेस इन-इअर (कानात घालून मंचावरचा आवाज ऐकण्याचे मॉनिटर) अशी भर पडत गेली तरच तो बोटांना जाणवू लागतो.

आता ऐकण्याच्या व्यवस्थेकडे येतो. घरी रात्री वाजवायचे असेल तर बऱ्यापैकी हेडफोन पुरेत, पण हेडफोनवर बनवलेला प्रीसेट (यंत्रात साठवलेली आवाजाची पूर्ण मांडणी) मंचावर तसाच नेऊ नका. हळू आवाजात आपल्या कानाला खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे. घरी हळू आवाजात भरदार वाटावा म्हणून वादक बास आणि ट्रेबल वाढवतो, आणि मंचावर तोच प्रीसेट घुमतो व कानात टोचतो. त्यासाठी जॅमरूम तासभर घ्या, शक्य तर बास आणि ड्रम वाजवणाऱ्यांना बरोबर न्या, आणि कार्यक्रमात असते त्या पातळीवर आवाज लावा. कॅबिनेटच्या भागात ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे आणि ६ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचे कापून टाका. गिटारचा खरा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसे काही देतच नाही, पण मंचावरच्या पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरला भोंगा असतो आणि तो हा वरचा खरखराट इमानाने ऐकवतो. गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा, मधला पट्टा थोडा वर घ्या, रिव्हर्ब (घुमाऱ्याचा परिणाम) निम्म्यावर आणा, कारण सभागृह स्वतःचा रिव्हर्ब घालतेच. एका गाण्यातले साधे, कुरकुरीत आणि सोलोचे आवाज वेगवेगळ्या प्रीसेटमध्ये न ठेवता एकाच प्रीसेटच्या स्नॅपशॉटमध्ये (त्याच मांडणीतल्या साठवलेल्या वेगवेगळ्या स्थितींमध्ये) ठेवा. प्रीसेट बदलताना अनेक यंत्रांत क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटी कापली जाते.

मंचावरून मिक्सरला सिग्नल देताना साउंडवाल्याशी दोन गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली म्हणजे ४८ व्होल्टचे फँटम पॉवर (मिक्सर माइकला केबलमधूनच देतो ती वीज) तुमच्या चॅनलवर बंद असावे. लहान मिक्सरवर बहुधा सगळ्या चॅनलना मिळून एकच स्विच असतो, अशा वेळी ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मध्ये घालावा, म्हणजे यंत्रही सुरक्षित राहते आणि अर्थिंगमुळे येणारी गुणगुणही तुटते. दुसरी म्हणजे तुमचा आउटपुट माइक पातळीचा आहे की लाइन पातळीचा, हे त्याला सांगावे. मंडपात जनरेटरवर कार्यक्रम असेल तर लहान यूपीएस जवळ असू द्या. वीज क्षणभर जरी गेली तरी मॉडेलर पुन्हा सुरू होईपर्यंत तुम्ही मंचावर नि:शब्द उभे राहता, आणि तेवढ्यात एक अंतरा निघून जातो.

इथे मी अ‍ॅम्पची बाजूही मांडतो. पाठीमागे वाजणाऱ्या स्पीकरमुळे तार थरथरून जो फीडबॅक फुलतो, तो इन-इअरवर मिळत नाही. ज्याला याचीच ओढ आहे, त्याने मॉडेलरचा आवाज स्पीकरमधूनच ऐकावा, आणि तुमचा अ‍ॅम्प त्यासाठी घरातच आहे. त्याच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे जॅक असतील तर मॉडेलरमध्ये कॅबिनेटचा भाग बंद करून सिग्नल रिटर्नला द्या. तो भाग चालू राहिला तर एका स्पीकरवर दुसऱ्या स्पीकरचा ठसा बसतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. तुमचा अ‍ॅम्प बावीस वॅटचा आहे. याच ताकदीच्या फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या मूळ रचनेत असे जॅक नाहीत. तुमच्याही अ‍ॅम्पला ते नसतील तर त्याच्या पुढच्या इनपुटला मॉडेलरमधले फक्त इफेक्ट द्या, अ‍ॅम्पचे मॉडेल आणि कॅबिनेट दोन्ही बंद ठेवून.

फक्त रात्रीच्या रियाझाचीच अडचण असती तर मी तुम्हाला लोड बॉक्स सुचवला असता, म्हणजे स्पीकरच्या जागी विजेचा भार घेणारे उपकरण, ज्यातून खऱ्या ट्यूबचा आवाज आयआरसह हेडफोनवर ऐकता येतो. तो वापरा अथवा वापरू नका, पण स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तुम्हाला मात्र वजनही कमी करायचे आहे. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब जवळजवळ २९ किलोंचा भरतो, तर एचएक्स स्टॉम्पसारखा लहान मॉडेलर किलोभराहून थोडासाच जास्त असतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाचा जिना चढताना हा फरक किती मोठा आहे ते कळते. लहान यंत्राला वीज देताना एवढे पाहा की ते ९ व्होल्टचे असले तरी साध्या पेडलपेक्षा कितीतरी जास्त करंट मागते, म्हणून त्याचाच अ‍ॅडॅप्टर वापरा.

विकण्याचा क्रम मी असा ठेवीन. डिलेची आणि रिव्हर्बची डिजिटल पेडले आधी विकावीत, कारण मॉडेलर तेच काम त्याच पद्धतीने करतो. आवडता ओव्हरड्राइव्ह (आवाज हलकासा विकृत करणारे पेडल) ठेवावा. फझ (त्याहून दाट, खरखरीत विकृतीचे पेडल) तर नक्कीच ठेवावा: जुन्या रचनेच्या फझचा इनपुट रोध फार कमी असतो, तो गिटारच्या पिकअपवर थेट भार टाकतो, आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर त्याचा जो स्वच्छ, काचेसारखा आवाज होतो तो या भारातूनच जन्मतो. गिटार आणि मॉडेलर यांच्यामध्ये तो पहिला लावा, आधी कोणताही बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारे सर्किट) येऊ देऊ नका. अ‍ॅम्प किमान एक पूर्ण हंगाम, म्हणजे गणपतीपासून लग्नसराई संपेपर्यंत, हातचा सोडू नका. त्यानंतरही तो धूळ खात पडलेला दिसला तर विका, पण त्याआधी तुम्ही नेहमी ज्या दोन-तीन मांडणींत तो वाजवता, त्यांचे कॅप्चर करून घ्या. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर, एक ऑडिओ इंटरफेस आणि उसना आणलेला माइक एवढ्यावर ते घरच्या घरी होते, आणि त्या फायली संगणकावर चालतातच, शिवाय आता काही लहान मॉडेलरही त्या उघडू शकतात.