दूरदर्शन आणि ओटीटी यांच्या मधला टीव्ही कुणाला आठवतो का?

प्रश्न असा आहे: "लहानपणी पाहिलेल्या टीव्हीत आणि आजच्या टीव्हीत नेमका काय बदल झाला? पूर्वीचे कार्यक्रम खरंच दर्जेदार होते, की आपल्याला उगाच तसं वाटतं?"

दर्जाचं आधी सांगून टाकते. दूरदर्शनवर चांगलं होतं तसं रटाळही भरपूर होतं. फिती कापणारे मंत्री आणि संध्याकाळची भाषणं आज कुणाला आठवत नाहीत, मालिका तेवढ्या आठवतात. त्या मालिकांची मोठी गोष्ट म्हणजे त्या संपायच्या. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ ला संपलं, भाग ७८. 'महाभारत' ९४ भागांत आटोपलं. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असायचा. आता मालिका संपत नाही, आकडे पडले की गुंडाळली जाते. तोवर नायिकेची स्मृती जाते, जुळी बहीण उगवते, मेलेला नवरा दारात उभा राहतो. हे तुम्हांलाही माहीत आहे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या विषयावर जो तो बोलतो तो दूरदर्शनवरून थेट आजच्या वाहिन्यांवर आणि ओटीटीवर उडी मारतो. मधली वीसेक वर्षं जणू झालीच नाहीत. त्या वर्षांत टीव्हीवर काय दिसावं हे गावातला केबलवाला ठरवत असे, आणि आमच्या गावातला केबलवाला म्हणजे माझे पपा.

१९९१ मध्ये स्टारचे चॅनेल उपग्रहावरून दिसायला लागले, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आला. पपांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी कर्ज काढून घरामागे डिश बसवली आणि गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात माडावरून माडावर केबल ओढली. पावसाळ्यात वीज कडाडली की कुठल्या तरी वाड्यावरचा ॲम्प्लिफायर जळायचा आणि पपा शिडी घेऊन निघायचे. वारा सुटला की झावळी केबलवर पडून अर्धा गाव अंधारात. म्हणजे वीज असायची, पण टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

आमच्या पडवीत एका लोखंडी रॅकवर रिसीव्हर आणि मॉड्युलेटर रचलेले होते. मॉड्युलेटर म्हणजे चित्र केबलच्या एका चॅनेलवर चढवणारं यंत्र. एक मॉड्युलेटर मोकळा ठेवलेला. त्याला व्हीसीआर जोडला की झाला आमचा स्वतःचा चॅनेल. परवाना, स्टुडिओ, निवेदक, काही नाही. त्यावर देवळातलं भजन लागायचं, शाळेचं स्नेहसंमेलन लागायचं, गणेश चवथीला वाड्यावाड्यांतल्या माटोळ्या, म्हणजे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या चौकटी, दाखवायचो. आणि जत्रेनंतर नाटक.

नाटकाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते टीव्हीचा सगळ्यांत चांगला उपयोग मी तिथे पाहिला आहे.

गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर गावातल्याच लोकांनी केलेलं मराठी नाटक असतं. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की ते रात्री अकराच्या पुढे सुरू होतं आणि पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, पाव घेऊन येईपर्यंत चालतं. एका वर्षी पपांनी बाजारातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून पॅनासोनिकचा खांद्यावर घ्यायचा एम-३००० कॅमेरा भाड्याने आणला आणि आख्खं ऐतिहासिक नाटक टिपलं. व्हीएचएसची कॅसेट तीन तासांची, नाटक त्याच्या जवळजवळ दुप्पट. कॅसेट बदलताना दरबाराच्या प्रवेशातला एक तुकडा गेला. नेमका त्यात सरदार झालेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा एकमेव मोठा संवाद होता. ते पुढे कित्येक दिवस आमच्या दारावरून जाताना मान वळवून जात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला नाटक केबलवर लागलं. आदल्या रात्री घरात पाहुण्यांचं रांधण्यात अडकलेल्या बायकांनी ते पहिल्यांदा धड बसून पाहिलं. पण खरी गंमत नटांची झाली. वर्षानुवर्षं रंगमंचावर उभी राहणारी ही माणसं, स्वतःला कधी पाहिलेलंच नव्हतं. औरंगजेब झालेल्या पोस्टमनला कळलं की महत्त्वाच्या वाक्याला तो प्रेक्षकांकडे पाठ करतो. नायकाला कळलं की प्रत्येक वाक्याला त्याचा उजवा हात वर जातो. आणि कॅमेरा विंगेच्या बाजूला लावल्यामुळे प्रॉम्प्टरचा आवाज नटांपेक्षा मोठा आला होता. प्रत्येक वाक्य गावाने दोनदा ऐकलं, आधी प्रॉम्प्टरकडून, मग नटाकडून. फोनवर फोन. शाळेतून आल्यावर फोन मीच उचलायचे. "बाय, ते परत लाव गो, आमचा मुलगा येतो तो भाग," असं सांगणारे होते, तसेच "ते परत लावू नको, लाज काढली" असं सांगणारेही होते. लावायचं की नाही हे पपा जेवताना आईला विचारून ठरवत.

पुढच्या जत्रेला तालमी दिवाळीआधीच सुरू झाल्या. नटांनी संवाद पाठ केले. प्रॉम्प्टरला दुसऱ्या बाजूच्या विंगेत हलवलं. पोस्टमन समोर तोंड करून बोलला.

आता माझा चुलतभाऊ, आमचा दादा. तो गावातली नाटकं बसवतो, कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरला आहे, आणि दर चवथीला मोठ्या घरी सगळे जमले की आरत्या झाल्यावर त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "काकांच्या केबलनं गावातलं नाटक मारलं." पपा ऐकून घेत. थोरल्या भावाच्या घरी, देवासमोर, पुतण्याशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्या आहे.

दादा, मांडव रिकामा दिसतो त्याची कारणं तुला पक्की ठाऊक आहेत. वेर्ण्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जाणारा मुलगा पहाटेपर्यंत नाटक बघत बसणार नाही. बाहेरून आणलेल्या नटीची नाईट (एका प्रयोगाचं मानधन), पडदे, लाईट, मेकअप यांचा खर्च वाढला आणि वर्गणी तेवढी वाढली नाही. अकराला सुरू करायचं म्हणता आणि सत्काराची भाषणं साडेबारापर्यंत चालतात. यातलं काय केबलनं केलं? उलट केबलवर पाहून दोन नव्या मुलांनी तुझ्याकडे तोंडाला रंग लावायला मागितला, हे तूच एकदा पपांना सांगितलं होतंस. टीव्हीनं नाटक मारलं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच विचारणं असतं: त्या टीव्हीवर नाटक दाखवायला कुणी लावलं होतं का?

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. बदल झाला तो ठरवणाऱ्यांत. दूरदर्शनच्या काळात दिल्ली-मुंबईचे अधिकारी ठरवत. आमच्या काळात गावातले पाच-पन्नास फोन ठरवत. आता प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे ठरवतात. बार्क ही संस्था २०१५ पासून हे आकडे देते आणि त्यात महाराष्ट्र व गोवा ही मिळून एकच बाजारपेठ धरतात. महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर, आमची पंधरा लाखांच्या आसपास. त्यात फोंड्याच्या आवडीला कोण विचारणार? मराठी मालिकांतली घरं पुण्या-मुंबईची, नाहीतर कोल्हापूर-साताऱ्याची. गोवा येतो तो हनिमूनच्या भागात. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा कितीतरी मराठी मालिकांची युनिटं इथे येऊन राहिली. मे महिन्यात गोवा सरकारनेही परवानग्या काढून घेतल्या. मधल्या काळात रोज गोव्याची हवा खाऊनही पडद्यावर गोव्याचा माणूस आला नाही. आमच्याकडे घराघरांत मराठी पेपर येतो, देवळात मराठी कीर्तन होतं, आणि मराठी टीव्हीला आमचा पत्ता सापडत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमचा चॅनेल कसा बंद झाला तेही लिहिते, कारण पुष्कळांना वाटतं की लोकांनी पाहणं सोडलं. तसं झालं नाही. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर देशभर टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. महानगरं २०१२ मध्ये, आणि खेड्यांचा शेवटचा टप्पा मार्च २०१७ पर्यंत. चित्र स्वच्छ आलं, हे खरं. पण सिग्नल आता मोठ्या कंपनीच्या केंद्रातून कुलूप लावून येऊ लागला. पडवीतले मॉड्युलेटर भंगार झाले. ज्या कंपनीशी पपांना जोडून घ्यावं लागलं, तिने गावचा चॅनेल चालवायचा तर दरमहा जी रक्कम सांगितली, ती आमच्या सगळ्या गावाच्या वसुलीत बसत नव्हती. पपा केबलवाले उरले ते पैसे गोळा करण्यापुरते आणि लोकांच्या शिव्या खाण्यापुरते. २०१९ च्या फेब्रुवारीत एकेक चॅनेल निवडून पैसे भरायचा नियम आला. तेव्हा शंभर चॅनेलांपर्यंत नुसत्या जोडणीचे १३० रुपये, त्यावर कर, त्यावर ज्या त्या चॅनेलचे वेगळे. म्हाताऱ्या माणसांना ती यादी समजावत पपा घरोघर फिरले, आणि मग त्यांनी धंदा सोडला. निवड वाढली म्हणतात. आमच्या गावाच्या यादीत आमचं गाव नव्हतं.

काही गोष्टी मात्र कबूल करायला हव्यात. त्या काळी सगळेच केबलवाले शनिवारी रात्री नव्या हिंदी सिनेमाची कॅसेट हक्कबिक्क न घेता लावत, आमच्याकडेही लागायची, आणि ते कायद्याला धरून नव्हतं. चित्र फिकट असायचं, आवाजात गुणगुण असायची. ज्या गावात केबलवाला दांडगट होता तिथे त्याचीच मनमानी चालायची. आमच्या घरासारखं सगळीकडे नव्हतं. आणि आज देवस्थानं जत्रा यूट्यूबवर थेट दाखवतात, दुबईत नोकरी करणारा मुलगा तिथून पालखी पाहतो. हे मला आवडतं. मोबाइलमुळे सगळं बिघडलं असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

तुम्हांला पूर्वीचा टीव्ही चांगला होता का हे तपासायचंच असेल, तर दूरदर्शनच्या जुन्या मालिका पुन्हा पाहण्यापेक्षा दुसरं काही करा. तुमच्या घरात किंवा मंडळाच्या कपाटात व्हीएचएस कॅसेटी पडल्या असतील, त्या बाहेर काढा. मालिका कुठे ना कुठे जपलेल्या असतात. गावच्या नाटकाची मात्र एकच प्रत असते. गोव्यातल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटते आणि व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, तेही जातं. आधी कोरड्या जागी ठेवा, बुरशी साफ करून देणाऱ्याला दाखवा, आणि मगच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कॅसेटी उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत. आणि म्हातारे आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून प्रत्येक नटाचं नाव, देऊळ, वर्ष लिहून घ्या. आमच्या कॅसेटींवर पपांच्या अक्षरात नुसतं "काला, भाग १" असं आहे, आणि तो कुठल्या वर्षाचा यावर आता घरात तीन मतं आहेत.

दादा या कामाला येत नाही. त्याचं म्हणणं, नाटक मांडवातच पाहायचं असतं, कॅसेटमधलं नाटक म्हणजे मेलेलं नाटक. मग त्याने पंचविशीत रंगवलेला संभाजी आज त्याच्या मुलांना कुठे दिसणार, ते त्याने सांगावं. तो माझ्याकडे आहे, दोन कॅसेटींत, पहिल्या अंकाचा थोडा भाग सोडून पूर्ण.

फोंडा किंवा डिचोली भागात व्हीसीआरचं हेड बदलून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर कळवा. आमच्या चालू असलेल्या व्हीसीआरचं गेल्या पावसात गेलं, आणि अर्ध्याहून जास्त कॅसेटी अजून उतरवायच्या आहेत.