६०० चा टब ६०३ का होतो?

कॉम्प्युटरवर डिझाइन करून वस्तू बनवण्याबद्दल गेल्या महिनाभरात आलेले बरेच प्रश्न एकाच जातीचे आहेत: स्क्रीनवर बरोबर, हातात चूक. त्यातले पाच आज घेतो.

प्रश्न: वाडीला आमचा कूलरचा छोटा कारखाना आहे. यंदा पहिल्यांदा पाण्याचा टब कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये काढला आणि बाहेरून लेझर कटिंग करून घेतलं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा ०.८ मिमी, तळ ६००, दोन्ही भिंती १०० च्या, म्हणून पट्टी ८०० ची कापली. वाकवल्यावर भिंती बरोबर १०० भरतात, पण तळ ६०३ येतो आणि टब बॉडीत जात नाही. लेझरवाला म्हणतो, माझं कटिंग तपासून घ्या.

उत्तर: तपासलं तरी ते बरोबरच निघेल, त्याच्याशी भांडू नका. पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. मधे कुठेतरी एक थर असा असतो की त्याची लांबी बदलत नाही. हा थर जाडीच्या कितव्या हिश्शावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. तुमच्या पत्र्याला आतली त्रिज्या १ मिमी आणि के ०.४२ धरा. घडीत प्रत्यक्ष पत्रा लागतो २.१ मिमी. बाहेरून मापं मोजून बेरीज करताना मात्र तुम्ही त्याच कोपऱ्याला ३.६ मिमी धरता (त्रिज्या अधिक जाडी १.८, दोन्ही बाजूंनी). फरक १.५, घड्या दोन, म्हणजे ३ मिमी. पट्टी ७९७ ची हवी होती.

आपल्याकडचे जुने पत्रेवाले घडीमागे अर्धा सूत सोडायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धा सूत म्हणजे जवळपास १.६ मिमी. के-फॅक्टरचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं, पण टब बसायचा.

आता अडचण अशी की सॉफ्टवेअरच्या शीट मेटल विभागात के चा काहीतरी तयार आकडा भरलेला असतो, आणि तो तुमच्या प्रेस ब्रेकचा, म्हणजे पत्रा वाकवणाऱ्या मशीनचा नसतो. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना, आतली त्रिज्या वरून दाबणाऱ्या पंचापेक्षा खालच्या व्ही-डायच्या (व्ही आकाराच्या खाचेच्या साच्याच्या) तोंडाच्या रुंदीवर जास्त ठरते. साध्या पोलादी पत्र्याला ती तोंडाच्या साधारण १६ टक्के येते. ६ मिमी तोंडाच्या जागी १० ची डाय लावली की सगळं गणित हललं. म्हणून एक काम करा. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी पट्टी कापा, त्याच डायवर मधोमध काटकोनात वाकवा आणि दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज १०१.५ आली तर घडीमागे वजावट १.५. पट्टी मात्र कटिंगवाल्याच्या नाही, वाकवणाऱ्याच्या मशीनवर वाकवा. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा, आणि पत्रा किंवा डाय बदलली की पुन्हा पट्टी वाकवा. होळीनंतर ऑर्डरी अंगावर आल्या की हे करायला वेळ मिळत नाही, तेव्हा दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या.

प्रश्न: सर, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा पार्ट एसटीएलमध्ये दिला तर वर्कशॉपवाल्याने परत पाठवला. का?

उत्तर: एसटीएल फाइल म्हणजे पार्टचा पृष्ठभाग जोडून बनवणारे नुसते त्रिकोण. त्यात तुझं गोल भोक बहुभुज होऊन जातं आणि फाइलमध्ये मिमी की इंच याची नोंदही नसते. थ्रीडी प्रिंटरला ती चालते. मशीनिंगला खरे गोल आणि मापं जपणारी स्टेप फाइल दे आणि सोबत टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) लिहिलेलं पीडीएफ ड्रॉइंग दे.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत आमच्याकडे दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) आहेत. ॲल्युमिनियमची ३०० मिमी लांब प्लेट, टॉलरन्स ±०.०५. मे महिन्यात दुपारी आमच्या व्हर्निअरवर (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीवर) ३००.०० भरली. ग्राहकाच्या एसी लॅबमध्ये २९९.९२ निघाली आणि अख्खा लॉट परत आला. मॉडेलच थोडं मोठं करून टाकू का?

उत्तर: मॉडेलला हात लावू नका. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसला असतं, हे १९३१ पासून जगभर ठरलेलं आहे. तुमच्या शेडमध्ये दुपारी ४२ अंश असणार. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. ३०० मिमीला २२ अंशांत ते होतात ०.१५ मिमी. व्हर्निअर पोलादाचं, तेही वाढलं, पण निम्म्याने. म्हणून निम्मी चूक लपली आणि उरलेली ०.०७६ ग्राहकाच्या लॅबमध्ये उघडी पडली. त्यांचा आकडा आणि हे गणित जुळतं, म्हणजे तुमची मशीन निर्दोष आहे.

मॉडेल मोठं केलं तर जानेवारीत तोच लॉट उलट्या बाजूने परत येईल. त्याऐवजी त्याच ॲल्युमिनियमचा एक मास्टर तुकडा लॅबमधून मोजून आणा आणि मशीनजवळ ठेवा. जॉब, म्हणजे तुमची प्लेट, आणि मास्टर दोन-तीन तास शेजारी राहू द्या, मग डायल (काट्याचं मापयंत्र) लावून फक्त फरक पाहा. दोघं सारखेच वाढतात, त्यामुळे तापमान गणितातून जातं. नुकताच कापलेला गरम जॉब मोजायचा नाही. आणि भाऊ, ±०.०५ साठी व्हर्निअरच्या भरवशावर राहू नका, ३०० चा मायक्रोमीटर (स्क्रूने आवळून मोजणारं जास्त अचूक साधन) घ्या.

प्रश्न: बुटीबोरीत कॅम प्रोग्रामर आहे, म्हणजे मॉडेलवरून मशीनचा कटिंग प्रोग्राम बनवतो. सिम्युलेशनमध्ये सगळं हिरवं होतं, तरी टूल जॉब पकडणाऱ्या क्लॅम्पला जाऊन आदळलं. प्रोग्राम माझाच, मशीन नवीन. चूक कुठे शोधू?

उत्तर: पहिलं, तो क्लॅम्प मॉडेलमध्ये होता का? बहुतेक नसतो. जे काढलंच नाही, त्याला टूल लागेल हे सिम्युलेशनला कळणार कसं?

दुसरं, जी०० ची चाल, म्हणजे न कापता जलद जागा बदलण्याचा हुकूम. स्क्रीनवर ती सरळ रेषेत दिसते. पण बऱ्याच कंट्रोलवर प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने पळतो, जवळचा अक्ष आधी पोहोचून थांबतो आणि वाट मधेच मोडते. त्या मोडलेल्या कोपऱ्यात तुमचा क्लॅम्प असू शकतो. आधी झेड वर घ्या, मग एक्स-वाय हलवा.

तिसरं, जी४३ सोबतचा एच क्रमांक. कोणत्या टूलची लांबी (ऑफसेट) धरायची, ते त्यावरून मशीनला कळतं. हा धडा मी स्वतः घेतलाय. उमेदीच्या काळात एका टूलरूममध्ये टूल सात लावलं आणि ऑफसेट सहाचा बोलावला. सात नंबर ८० मिमीने लांब होतं. व्हाइसच्या जबड्यावर ते आपटलं तो आवाज अजून कानात आहे. स्पिंडलच्या बेअरिंगचं बिल आलं तेव्हा मालक काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हापासून नवीन प्रोग्राम मी झेड ५० मिमी वर उचलून आधी हवेत चालवतो. सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड म्हणजे जलद चाल २५ टक्क्यांवर आणि बोट चाल थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर.

प्रश्न: प्रतापनगरहून लिहितेय. मुलाने थ्रीडी प्रिंटरवर कारसाठी छान मोबाइल स्टँड बनवला होता. एप्रिलमध्ये चार दिवसांत मान टाकली. डिझाइन चुकलं का?

उत्तर: नाही ताई, डिझाइनला दोष देऊ नका. तो बहुधा पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये छापला असेल. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्या उन्हात बंद कारच्या डॅशबोर्डला तेवढं तापायला वेळ लागत नाही. तोच स्टँड एएसए या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये छापायला सांगा. ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हाने लवकर ठिसूळही होत नाही. छापताना वास येतो, तेवढी खिडकी उघडी ठेवा. शिवाय तुकडा आडवा ठेवून छापायला सांगा. थर वाकणाऱ्या मानेच्या लांबीने गेले पाहिजेत. उभा छापला तर ऊन सोसेल, पण पहिल्याच खड्ड्यात थरावरून मोडेल.