इफ लावूनही प्रोग्राम चुकीचं इनपुट का घेतो?

तुम्ही विचारलंय की पायथॉनमध्ये आकड्याच्या जागी अक्षर टाकलं की इफ असूनही प्रोग्राम बंद पडतो, तर इफ-एल्सने ते कसं अडवायचं. शिवाय प्रॅक्टिकलला सांगितलंय म्हणे, ‘वापरणारा नीटच टाकेल असं धरून चाला.’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

बंद पडायचं कारण सरळ आहे. इंट आणि इनपुट तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय. इनपुट कायम मजकूर देतं, इंटला त्याचा आकडा करता आला नाही की तिथेच व्हॅल्यूएरर येतो आणि खालच्या इफची पाळीच येत नाही. आधी मजकूर घ्या, तपासा, मग आकडा करा.

पण बंद पडणारा प्रोग्राम परवडला. लातूरकडच्या एका आडतीत सोयाबीनच्या नोंदीचा प्रोग्राम होता. मालाची हवा, म्हणजे मॉइश्चर, १२च्या वर गेली की दर पॉइंटला वजनात एक टक्का कट, एवढाच इफ त्यात होता. घाईत मुनिमाचा टिंब राहिला आणि ११.५च्या जागी ११५ गेलं. ११५ हे १२पेक्षा मोठंच, म्हणून कट १०३ टक्के. २० क्विंटल माल उणे ०.६ क्विंटल झाला आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबावर, शेतकऱ्याकडूनच येणं निघालं. एरर कुठेच नाही. मुनीम नवखा नव्हता. सीझनमध्ये दारात ट्रॅक्टरची रांग असताना कुणाचाही टिंब राहतो. ‘नीटच टाकेल असं धरा’ म्हणणाऱ्यांनी ही पट्टी बघायला हवी होती.

तिथे कटाच्या इफआधी मर्यादेचा इफ हवा होता. शून्य ते शंभर ही मर्यादा कामाची नाही, कारण टिंब सरकून १.१५ झालं तरी ते आत जाईल. ५ ते ३० ठेवा. पाऊस लागलेला माल २०-२५पर्यंत येतो, म्हणून वरची हद्द १५वर आणू नका. आणि अट होकारार्थी लिहा: ५ <= हवा <= ३० असेल तरच घ्या, बाकी सगळं एल्समध्ये. ‘५पेक्षा कमी किंवा ३०पेक्षा जास्त असेल तर नाकारा’ असं उलटं लिहिलं तर ‘नॅन’ (nan, म्हणजे ‘आकडा नाही’) हा शब्द आत शिरतो. मजकुराचा दशांश आकडा करणारा फ्लोट तो आनंदाने घेतो, त्याच्याशी केलेली लहान-मोठ्याची प्रत्येक तुलना खोटी ठरते आणि नाकारायची अट लागतच नाही.

मजकूर तपासायला सगळे इज-डिजिट सांगतात, म्हणजे सगळे अंकच आहेत का ते बघणारं. ते ११.५ला नाही म्हणतं, उणे ५लाही नाही म्हणतं, आणि वर्गाच्या छोट्या २ला (²) मात्र हो म्हणतं. तो इंटला दिला की पुन्हा व्हॅल्यूएरर. त्यापेक्षा स्ट्रिपने कडेच्या मोकळ्या जागा काढा, रिप्लेसने तपासण्यापुरतं एकच टिंब काढा आणि उरलेल्यावर इज-डेसिमल लावा, ते फक्त साधे अंकच मानतं. देवनागरी आकडेही त्यातून जातात, आणि इंट व फ्लोट दोघांनाही ते कळतात. नुसतं एंटर दाबलं तर रिकामा मजकूर आपोआप नाकारला जातो.

इफ एकदाच विचारतो, दुसऱ्यांदाही चुकलं तर काय? म्हणून हे सगळं व्हाइल ट्रू या न थांबणाऱ्या लूपमध्ये ठेवा, बरोबर आलं की ब्रेक. चुकल्यावर ‘चुकीचं इनपुट’ एवढंच छापू नका. ‘हवा ५ ते ३०मध्ये टाका, तुम्ही ११५ टाकलंय’ असं छापा.

पिनकोड आणि मोबाइल नंबर आकड्यात बदलूच नका. लांबी आणि अंक मजकुरावरच तपासा. मराठवाड्याचा पिन ४३नेच सुरू होतो अशी अट बऱ्याच जणांनी घातलेली दिसते. ती लातूरच्या ४१३५१२ला आणि धाराशिवच्या ४१३५०१लाही हाकलून देते.

तुम्ही इफ-एल्सच विचारलं म्हणून एवढं. पायथॉनमध्ये आकडा करताना एरर आला तर पकडणारं ट्राय-एक्सेप्ट लावणं जास्त भरवशाचं आहे, पण मर्यादेचा इफ त्यानंतरही लागतोच. ११५ला ट्राय अडवत नाही. सी भाषेत करत असाल तर इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफने किती किमती वाचल्या ते तपासा. अक्षर आलं तर ते बफरमध्येच, म्हणजे न वाचलेल्या इनपुटमध्येच, पडून राहतं आणि लूप थांबत नाही.