फोटोग्राफीच्या प्रोजेक्टमध्ये ‘डेव्हलपमेंट दिसत नाही’ म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, विषय ‘हात आणि धातू’, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत जाऊन तीनेकशे फोटो काढलेत, जर्नलमध्ये (प्रोजेक्टच्या नोंदवहीत) चार फोटोग्राफर्सची माहिती चिकटवलीय, आणि सर म्हणतात की रिसर्च आहे, फोटोही आहेत, पण डेव्हलपमेंट दिसत नाही. सबमिशनला आठ आठवडे आहेत.

सरांच्या वाक्याचा अर्थ एवढाच की तुमचा दुसरा शूट पहिल्या शूटमुळे बदललेला दिसत नाही. तीनशे फोटो एकाच दमात आणि एकाच नजरेनं काढले असतील, तर त्यातले सगळ्यात चांगले दहा निवडले तरी ती निवडच राहते. जर्नल तपासणारा माणूस शोधत असतो तो क्रम: हे करून पाहिलं, त्यात हे खटकलं, म्हणून पुढच्या वेळी हे बदललं.

त्यामुळे नवीन फोटो काढायच्या आधी जुन्या तीनशेंची कॉन्टॅक्ट शीट्स काढा. एका ए4 पानावर 20 ते 24 फ्रेम, फाइल नंबरसकट, काढलेल्या क्रमानेच. वाईट फोटो गाळू नका. लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या प्रिंट मॉड्यूलमध्ये हे होतं, डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअरही चालतं. साध्या लेझर प्रिंटवर लाल पेन घेऊन बसा. ‘छान’, ‘आवडला’ असं लिहू नका. ‘112 ते 130 सगळे डोळ्याच्या उंचीवरून, म्हणून हात छोटा आणि मागची भिंत मोठी’ असं लिहा. अशी पाच-सहा वाक्यं निघाली की पुढच्या शूटचा विषय आपोआप हाती येतो. खरं सांगायचं तर बहुतेकांच्या जर्नलमध्ये हीच पानं नसतात. चरित्रांची पानं मात्र भरपूर असतात.

चरित्रांबद्दल स्पष्टच सांगतो: जन्म कुठे झाला, कोणते पुरस्कार मिळाले, याला मार्क नाहीत. फोटोग्राफरचं एकच चित्र घ्या आणि चार गोष्टी लिहा: प्रकाश कुठून येतोय, कॅमेरा किती उंचीवर आणि किती लांब आहे, चौकटीबाहेर काय ठेवलंय, आणि यातलं मी आळीत काय करून पाहणार. चौथी ओळ नसेल तर पान फाडलं तरी चालेल. तुमच्या विषयाला दोन नावं विशेष उपयोगी पडतील. पहिलं, बेर्न्ट आणि हिला बेखर हे जर्मन जोडपं. 1959 पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, गॅसच्या टाक्या ढगाळ प्रकाशात, समोरून, एकाच पद्धतीनं टिपल्या आणि जाळीसारख्या शेजारीशेजारी मांडल्या. दुसरे हॅरल्ड एजर्टन, अमेरिकेतल्या एमआयटीचे इंजिनिअर. त्यांनी स्ट्रोब फ्लॅशनं सेकंदाच्या बारीक तुकड्यात घडणारी हालचाल गोठवून दाखवली. एकाकडून वस्तू पाहायला शिकता येईल, दुसऱ्याकडून ठोका.

विषयाचा रिसर्चही गूगलवर संपवू नका. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी, दिवे, अडकित्ते, वज्र्या आहेत. फोटोची परवानगी नसली तरी वही-पेन्सिल चालते. घंगाळाच्या कडेची आणि कड्यांची दोन-तीन स्केचेस जर्नलमध्ये आली की पुढे आळीत कॅमेरा कशावर रोखायचा ते तुम्हालाच कळेल.

आता शूट. तांबट आळी कसबा पेठेत, वस्ती पेशवेकाळापासूनची, गल्ली अरुंद आणि कारखाने अंधारे. दाराकडून येणारा उजेड एका बाजूनं पडतो आणि मठारकामाला (हातोडीनं ठोकून केलेल्या नक्षीला) तोच हवा. हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर जे खळगे उठतात, ते समोरून फ्लॅश मारला की सपाट होतात, तिरप्या उजेडात उठून दिसतात. तेव्हा पहिली चाचणी शटरची घ्या आणि बाकी सगळं तेच ठेवा: तीच जागा, तीच लेन्स, तोच कोन, ट्रायपॉड. 1/15 सेकंदावर हातोडी म्हणजे एक पुसट पट्टा, दुसऱ्या हातानं भांडं फिरवत असल्यामुळे तेही थोडं हलतं. 1/60 सगळ्यात फसवा: हातोडी ना गोठलेली, ना वाहती, बघणाऱ्याला चूकच वाटते. 1/1000 वर हातोडी लख्ख, पण ती मारलीय की नुसती टेकवलीय ते कळत नाही. शिवाय जिथे एफ 2.8, 1/60 ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 1600 लागत होता, तिथे 1/1000 ला 25600 लागतो, आणि एलईडी किंवा ट्यूब असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, म्हणून दिव्याखाली 1/50 किंवा 1/100 सुरक्षित. ठोका पत्र्यावर बसतो त्या क्षणी हातोडी जवळजवळ थांबलेली असते. 1/30 वर तो क्षण साधला तर टोक शार्प आणि दांडा वाहता मिळतो. वीसात एखादी फ्रेम लागेल. बाकीच्या एकोणीसही शीटवर ठेवा.

एजर्टनसारखं गोठवायचं असेल तर शटर नव्हे, फ्लॅश वापरा. स्पीडलाइट (कॅमेऱ्याचा सुटा फ्लॅश) 1/64 पॉवरला ठेवला की झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो. फुल पॉवरला तो बराच लांबतो आणि हातोडीची कड पुसट येते. फ्लॅश भांड्यापासून दोन-तीन फुटांवर, बाजूनं. पण हातोडी चालवणाऱ्या माणसाला आधी सांगा, एकदा रिकामा उडवून दाखवा. अचानक चमकलेल्या उजेडानं त्यांचा ठोका बोटावर बसू शकतो. (आणि हो, परवानगी पहिल्याच भेटीत घ्या, कारागीर काका कामात असतील तर थांबा, पुढच्या वेळी जाताना आधीचे 4×6 प्रिंट घेऊन जा. दारं त्यानं उघडतात.)

तांबं फोटोत का बिघडतं हेही लिहून ठेवा, टेक्निकल नोंदींसाठी हे सोनं आहे. तांब्याच्या चकचकीत भागात लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे इतका उजळतो की तपशील हरवतो. कॅमेऱ्यावरचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण मठारीच्या खळग्यांऐवजी नुसता केशरी डाग मिळतो. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा) लावा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइलमध्ये) काढा आणि लाल उजवीकडे आदळत असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) कमी करा. पोलरायझर फिल्टर मात्र विकत घेऊ नका. काच-पाण्यावरची चमक तो कापतो, उघड्या धातूवर जवळजवळ निरुपयोगी. चमक आवरायची तर उजेडाचं उगमस्थान मोठं करा: दारावर पांढरी चादर, समोर दोन बाय तीन फुटांचा थर्माकोल. भांड्याची कड हरवत असेल तर कडेला काळा कार्डपेपर उभा करा, कडेवर एक गडद रेघ येते. काळा टी-शर्ट घालून जा, नाहीतर हंड्याच्या पोटात तुम्हीच दिसाल.

मग बेखर पद्धत, पण भांड्यांची नव्हे. मी तुमच्या जागी असतो तर हातोड्या घेतल्या असत्या. नऊ हातोड्या, मागे करडा कार्डपेपर, कॅमेरा बरोबर वर, 50 एमएम लेन्स, एफ 8, आयएसओ 100, दाराचाच उजेड. जमिनीवर मास्किंग टेपनं हातोडीच्या दोन्ही टोकांच्या खुणा करा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये आकार तोच राहील. यात सगळ्यात जास्त काय फसतं तर दुपारभरात उजेड बदलतो आणि नऊ चौकोनांपैकी तीन पिवळे पडतात. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवण्यासाठीचं करडं कार्ड), दर तीन फ्रेमनंतर पुन्हा, आणि शक्यतो तासाभरात संपवा. सगळं सारखं ठेवल्यावरच लाकडी दांड्याची झीज नजरेला येते: अंगठा टेकतो तिथे खोलगट, घाम मुरून काळपट, खाली लाकूड कोरं. तुमचा ‘हात’ तिथे आहे, माणूस चौकटीत नसूनही. हे जर्नलमध्ये लिहा, कारण इथे तुमचा विषय पहिल्यांदा सरकलेला दिसतो.

प्रयोगाच्या नावाखाली प्रिंटवर चहा ओतणं, धाग्यानं शिवणं, कडा जाळणं दर वर्षी होतं आणि दर वर्षी परीक्षक ‘का?’ विचारतात. उत्तर असेल तरच करा. तुमच्या विषयात सायनोटाइपला (उन्हात निळी प्रिंट उमटवण्याच्या जुन्या पद्धतीला) उत्तर देता येतं: तीही धातूच्या क्षारांची प्रक्रिया आहे, आणि पत्र्याच्या कातरणांचे फोटोग्राम (वस्तू कागदावर ठेवून उमटवलेल्या आकृत्या) त्यावर थेट मिळतात. 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही गडद बाटल्यांत. वापरताना समप्रमाणात मिसळा, 300 जीएसएमच्या वॉटरकलर कागदावर मंद पिवळ्या उजेडात ब्रशनं लावा, अंधारात पूर्ण सुकवा. हातमोजे घाला आणि फेरिसायनाइड तीव्र ॲसिडजवळ नेऊ नका. आधी टेस्ट स्ट्रिप: कागदावर पुठ्ठा सरकवत 3, 6, 9, 12 मिनिटं ऊन द्या. झाकण नसलेला भाग राखाडी-तपकिरी झाला की पुरे. वाहत्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. बोअरच्या पाण्यानं निळा फिका पडत असेल तर शेवटच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड. पावसाळ्यात दोन अडचणी: ऊन भरवशाचं नाही, आणि दमट कागद वस्तूला चिकटून डाग पडतात. तुमचे आठ आठवडे पावसाळ्यात शिरत असतील तर हा भाग पाऊस सुरू होण्याआधी उरकून घ्या.

निवडीसाठी चाळीस फोटोंचे साधे 4×6 प्रिंट काढून जमिनीवर पसरा. स्क्रीनवर दोन फोटो एकमेकांशेजारी काय करतात ते कळत नाही. चाळिसातून बारा, बारातून सहा-आठ, आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलनं फोटो काढून जर्नलमध्ये लावा. गाळलेल्या एखाद्या चांगल्या फोटोखाली कारण लिहा, व्हायवात (तोंडी परीक्षेत) त्यावरच विचारतात.

फायनल ए3 प्रिंटला 300 पीपीआयनं (इंचाला 300 पिक्सेल) 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलची 6000 बाय 4000 फाइल पुरते, पण 3:2 चा फोटो ए3 च्या प्रमाणात बसत नाही, लॅबवाला न विचारता कापतो. म्हणून पांढरी बॉर्डर स्वतःच घालून ए3 मापाचीच फाइल द्या, एसआरजीबी या रंगपद्धतीत. प्रिंट काळपट येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फुल ब्राइटनेसवर एडिट केलेली स्क्रीन. फायनलआधी प्रत्येक फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात चकचकीत भाग कापून एका ए4 वर पट्ट्या लावा, तो प्रिंट दिवसाउजेडी खिडकीत पाहा, मग ऑर्डर द्या. तांब्याला मॅट किंवा लस्टर कागद घ्या, ग्लॉसीवर हॉलमधल्या ट्यूब दिसतात. आणि सबमिशनच्या आठवड्यात लॅबमध्ये सगळ्या कॉलेजांची गर्दी असते, तेव्हा टेस्ट प्रिंट सहाव्या आठवड्यात आणि फायनल सातव्यात टाका. आठवा आठवडा माउंटिंग आणि बायंडिंगलाच जातो.