शिकाऊ हाताला चांगला कागद

मोठ्यांच्या चित्रकला वर्गात नाव घातलं की पहिल्यांदा हातात पडते ती सामानाची यादी. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या यादीभोवतीच फिरणारे आहेत.

प्रश्न : वर्गाच्या यादीत १२ पेन्सिलींचा संच, २४ जलरंग, १२ ब्रश, ईझल (चित्र उभं ठेवायचा स्टँड) असं बरंच काही आहे. पहिल्या दिवशी सगळं घेऊनच जावं का?

नको. आधी शिक्षकांना तीन गोष्टी विचारा: पहिल्या महिन्यात कोणतं माध्यम आहे, चित्राचा आकार काय, आणि बोर्ड, ईझल, पाण्याची भांडी वर्गात मिळतात का. निम्मी यादी तिथेच गळून पडते.

पेन्सिली चार पुरतात: एचबी, २बी, ४बी आणि ६बी. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त असली की शिसं कडक आणि फिकं उमटतं, ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळं. शेजारच्या दोन ग्रेडमधला फरक नव्या हाताला जेमतेम जाणवतो, म्हणून एक सोडून एक घेतलेली बरी. एच मालिकेतल्या पेन्सिली जलरंगाखाली तर मुळीच नकोत. कडक शिशाने कागदाला खाच पडते, तिच्यात रंग साचतो आणि पुसलेली रेघसुद्धा गडद होऊन वर येते.

टोक ब्लेडने काढा, शिसं साधारण एक सेंटिमीटर उघडं ठेवा. शार्पनरच्या आखूड टोकाने आडव्या छटा देता येत नाहीत. टोक काढताना शिसं सारखं तुटत असेल तर पेन्सिल कधीतरी जमिनीवर पडलेली असते. आतलं शिसं तेव्हाच ठिकठिकाणी मोडलेलं असतं. खोडरबर कणकेसारखं मळता येणारं घ्या. ते घासायचं नसतं, दाबून उचलायचं असतं.

ईझल तूर्त राहू द्या. जलरंगाला बोर्डाखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा ठोकळा सरकवला की पुरेसा उतार मिळतो.

प्रश्न : माझ्या जलरंगाच्या वॉशमध्ये (पाण्यासारख्या पातळ रंगाच्या सपाट थरात) डाग पडतात आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. शेजारच्या विद्यार्थिनीकडे अगदी त्याच कंपनीचे रंग आहेत, तिचं आकाश मात्र सफाईदार येतं. मी ड्रॉइंगच्या वहीतला कागद वापरते. रंग बदलू का?

रंग राहू द्या, कागद बदला. पैसे मोजकेच असतील तर आमचा क्रम कायम एकच असतो: आधी कागद, मग थोडेच पण चांगले रंग, मग दोन ब्रश. पेटी, बॅग, पॅलेटचे प्रकार सगळ्यात शेवटी. साधा रंग चांगल्या कागदावर खुलतो. उंची रंग साध्या कागदावर मरतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की दोष आपल्या हातात आहे.

जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, कधी लगद्यात, कधी वरून, चांगल्या कागदाला दोन्हीकडे. खळीमुळे पाणी लगेच आत जिरत नाही, काही काळ पृष्ठभागावर राहतं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही रंग पसरवता, उचलता, एकात एक मिसळता. ड्रॉइंगच्या कागदाला या कामापुरती खळ नसते. तिथे फटकारा टेकतो तिथेच पिऊन घेतला जातो. पुढचा फटकारा येईपर्यंत पहिला वाळलेला असतो, आणि दोघांच्या सांध्यावर रेघ उमटते. तुमच्या कुरतडलेल्या कडा त्याच.

घरी पाहायचं असेल तर कागदावर पाण्याचा एक टपोरा थेंब सोडा आणि मिनिटभर थांबा. थेंब फुगीर राहिला तर खळ शाबूत आहे. पसरून काळपट डाग पडला आणि तो मागच्या बाजूनेही दिसू लागला, तर तो कागद पेन्सिलीसाठी ठेवा.

विकत घेताना वजन पाहा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जलरंगाला ३०० जीएसएम घ्या. २०० च्या आतला कागद ओला झाला की त्याला पोक येतं, रंग खळग्यांत जाऊन बसतो आणि वाळला की तिथे डबकी दिसतात. तोच वापरायचा असेल तर ताणून घ्यावा लागतो: तीन-चार मिनिटं गार पाण्यात बुडवायचा, पाणी निथळून बोर्डावर अंथरायचा, चारही कडांना पाणी लावून चिकटणारी कागदी पट्टी लावायची आणि रात्रभर आडवा वाळू द्यायचा. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि नेमकी तिथली पट्टी सुटते. मास्किंग टेप इथे कामाची नाही, ओल्या कागदाला ती धरतच नाही.

कापसाच्या धाग्याचा की लाकडाच्या लगद्याचा? कापसाचा कागद पाणी जास्त वेळ धरतो, रंग उचलायला घासला तरी त्याची लव निघत नाही. लगद्याचा कागद सरावाला चालतो. त्यावर रंग वरवर बसतो, त्यामुळे चुकलेला भाग उचलणं उलट सोपं जातं, पण एकावर एक तीन थर दिले की खालचा थर सुटून वर येतो. आम्ही तरी ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, शिकायचं असेल तेव्हा कापसाचाच सुचवू. लगद्याच्या कागदावर ते जमत नाही आणि का जमत नाही हे कळतही नाही.

पोत तीन असतात: गुळगुळीत हॉट प्रेस, मध्यम कोल्ड प्रेस आणि खरखरीत रफ. वर्गासाठी मध्यम घ्या. काही कागदांवर कोल्ड प्रेस ऐवजी ‘नॉट’ लिहिलेलं असतं, ते हेच.

पॅडपेक्षा सुटा मोठा ताव परवडतो. ५६ × ७६ सेंटिमीटरच्या तावाचे २८ × ३८ चे चार तुकडे होतात, आणि मागची बाजू सरावाला मिळते. महागाचा कागद समोर आला की मोठ्या माणसांचा हात आखडतो. दोन्ही बाजू वापरायच्या ठरवलं की तो सुटतो.

ताव दमट जागी उघडे ठेवू नका. खळ बिघडली की नवाकोरा दिसणारा कागदही ठिपक्याठिपक्यांनी रंग पितो, आणि हे रंग लागेपर्यंत दिसत नाही. हाताला तेल किंवा क्रीम असेल तरीही डाग पडतात, फक्त उलटे: तिथे रंग चढत नाही.

प्रश्न : २४ रंगांची विद्यार्थी श्रेणीची पेटी घ्यावी की थोडे आर्टिस्ट श्रेणीचे? आणि माझा जांभळा नेहमी तपकिरी का होतो?

आठ ट्यूब घ्या, शक्य तेवढ्या वरच्या श्रेणीच्या. विद्यार्थी श्रेणीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. त्यामुळे गडद छटा हवी म्हणून तुम्ही रंग वाढवत जाता, आणि ती गडद न होता नुसती जाड होते.

जांभळ्याचं उत्तर लाल रंगात आहे. नारिंगीकडे झुकणारा लाल अल्ट्रामरीनमध्ये घातला की त्याच्यातला पिवळा निळ्याला मारतो आणि मिश्रण मळतं. गुलाबीकडे झुकणारा लाल घ्या, जांभळा स्वच्छ येईल. म्हणून प्रत्येक मूळ रंगाचे दोन नमुने ठेवायचे, एक उबदार आणि एक थंड. आमची निवड अशी: लेमन पिवळा आणि एक केशरट पिवळा, पायरोल स्कार्लेट आणि क्विनाक्रिडोन रोज, अल्ट्रामरीन आणि हिरवट झाकेचा थॅलो ब्लू. त्यांच्या जोडीला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना. काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवले की जिवंत काळा मिळतो, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार.

ट्यूबवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. अल्ट्रामरीनचा पीबी २९, थॅलो ब्लूचा पीबी १५, क्विनाक्रिडोन रोजचा पीव्ही १९. नाव कंपनीगणिक बदलतं, क्रमांक बदलत नाही. एका ट्यूबवर तीन क्रमांक असतील तर तो आधीच मिसळलेला रंग आहे. त्यात तुम्ही आणखी दोन मिसळले की चिखल ठरलेला. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसऱ्याने ती छटा साधलेली असते. ते वाईटच असं नाही, पण मिसळताना तो मूळ रंगासारखा वागत नाही.

टिकाऊपणासाठी एएसटीएमची (रंग उजेडात किती टिकतो याच्या मानकाची) १ किंवा २ ही प्रत पाहा. पीआर ८३ क्रमांकाचा अस्सल अलिझरिन क्रिमझन उजेडात उडतो. खात्री करायची तर रंगाची पट्टी काढून अर्धी जाड पुठ्ठ्याने झाका आणि दोन-तीन महिने उन्हाच्या खिडकीत लावून ठेवा.

पोस्टर कलर जलरंग म्हणून वापरू नका. ते अपारदर्शक असतात, खालच्या कागदाचा उजेड झाकून टाकतात.

प्रश्न : ब्रश किती आणि कोणते?

जलरंगाला दोन गोल, ४ आणि १० नंबरचे, आणि एक इंचाचा एक चपटा. प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो, तेव्हा जाडी डोळ्यांनी पाहून घ्या. चांगला सिंथेटिक ब्रश शिकायला पुरतो. दुकानात पाणी मागा, ब्रश बुडवा, एक झटका द्या. केसांचं आपोआप एकच टोक झालं तर घ्या. दोन फाटे पडले तर ठेवून द्या. कोरा ब्रश नेहमीच टोकदार दिसतो, कारण त्याला डिंक लावलेला असतो.

पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा सोडू नका. केस वाकतात, दांड्याचं लाकूड फुगतं, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि धातूची नळी हलायला लागते. गरम पाण्याने धुतलं तर नळीतला गोंद सैल होतो. साबण आणि गार पाणी, मग बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवा.

प्रश्न : ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. दोन ब्रशही दगडासारखे झालेत. पाणी जास्त घालू का?

पाण्याने प्रश्न सुटत नाही, नवा तयार होतो. ॲक्रिलिकमधले प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाणी उडालं की एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. पाणी फार घातलं की कण दूर राहतात, पापुद्रा कच्चा बनतो आणि वाळल्यावर ओल्या बोटाने रंग निघतो. पातळ करायचं तर ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला तोच चिकट द्रव) घाला.

पॅलेट ओली ठेवा: पसरट झाकणाचा डबा, तळाला ओला स्पंज किंवा टिशूची चौपदरी घडी, वर बेकिंगचा कागद, आणि त्यावर रंग. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही मऊ असतो. आठवड्यावर गेला तर वास घेऊन बघा, बुरशी धरते.

ब्रश आधी नुसत्या पाण्यात भिजवून मग रंगात बुडवा, आणि केसांच्या निम्म्यापेक्षा वर रंग चढू देऊ नका. नळीत वाळलेला रंग केस फाकवतो, तो ब्रश परत टोक धरत नाही. तुमचे दोन ब्रश रबिंग अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून पाहा, नळीपर्यंत नको. सुटले तर खरखरीत पोत काढायला चालतील, बारीक कामाला आता नाहीत.

छटा किंचित फिकी ठेवून कालवा. ओला असताना बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट पदार्थ) दुधट असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि रंग एक पायरी गडद दिसतो.

प्रश्न : तैलरंग शिकायचे आहेत, पण घर लहान आणि खोलीला एकच खिडकी. वासाचं काय करावं?

वास रंगाचा कमी, टर्पेन्टाइनचा जास्त असतो. बिनवासाचा सॉल्व्हेंट (टर्पेन्टाइनसारखा रंग पातळ करणारा द्रव) घेतला तरी वाफ असतेच, फक्त नाक सावध करत नाही. म्हणून सॉल्व्हेंट टाळता येईल तेवढा टाळा: ब्रश आधी चिंधीने पुसा, मग जवसाच्या तेलात खळबळा, मग साबणाने धुवा. किंवा पाण्यात मिसळणारे तैलरंग घ्या.

खरा धोका चिंध्यांचा आहे. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलकट चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला की ती उष्णता आत कोंडते, आणि बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. हे घडतं. चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका, किंवा घराबाहेर एकेक सुटी पसरून पूर्ण वाळू द्या.

आणि प्रायमर (रंगाआधी द्यायचं अस्तर) न दिलेल्या कापडावर तैलरंग लावू नका. तेल धाग्यात जिरतं आणि कापड हळूहळू कुजतं.

प्रश्न : बोटांचे सांधे दुखतात. बारीक पेन्सिल फार वेळ धरवत नाही.

जाड कोळशाच्या कांडीने, उभ्या बोर्डावर, मोठ्या कागदावर काढा. हात खांद्यातून फिरतो, बोटांना आवळावं लागत नाही. पेन्सिलीला फोमची नळी चढवा. कोळसा जळक्या काडीचा घ्या, दाबून केलेला नको. काडीचा कापडाने झटकला की जातो, दाबलेल्यात बाइंडर असल्याने तो डाग सोडतो. पूड फुंकू नका, बोर्ड पुढे झुकवून टिचकी मारा.

प्रश्न : जुन्या पेटीतल्या ट्यूब कडक झाल्या आहेत. टाकून देऊ?

जलरंग असतील तर मुळीच नको. त्यातला बाभळीच्या जातीचा डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो. ट्यूब कात्रीने उभी कापा, गोळा रिकाम्या छोट्या पॅनमध्ये (रंग ठेवायच्या वाटीत) बसवा, दोन थेंब पाणी सोडून रात्रभर ठेवा. कुबट वास किंवा पांढरी लव असेल तरच फेका. तैलरंगावर साय धरली असेल तर ती टोचून काढा, खालचा रंग बहुधा ठीक असतो. कडक झालेलं ॲक्रिलिक मात्र गेलं.

टोपण अडकलं असेल तर पक्कडीने पिळू नका, ट्यूबची मान तुटते. टोपणाची बाजू अर्धा मिनिट गरम पाण्यात उलटी धरा, फडक्याने पकडून फिरवा. पुढच्या वेळी बंद करण्याआधी आटे पुसून घ्या.